रिकामी सम

खानापुरात कौलांच्या गोदामामागं
आमच्या ब्रास बँडची खोली.
पाटीवर वर कानडी, खाली मराठी,
खालची अर्धी पावसानं नेलेली.

बस्त्याव मास्तर ट्रम्पेटला पितांबरी लावत सांगायचा,
"जहाजावर भांडी घासायचो गा मी.
दोनदा उतरलो किंग्स्टनला.
पहिल्यांदा बासष्टात,
त्यांच्या स्वातंत्र्याला आठवडाच झालेला.
उसाच्या मळीचा वास बघ, आपल्या कारखान्यागत,
आणि गल्लीच्या तोंडाला कपाटाएवढे स्पीकर.

रात्री अमेरिकेचा रेडिओ खरखरत यायचा
समुद्रावरून.
त्यातला ठेका यांनी उचलला,
गावाकडची मेंटो त्यात कालवली,
आणि जोर फिरवला की रे पोरांनी!
पाय पडतो तिथं द्यायचा नाही,
पाय उचलतो तिथं द्यायचा.
ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, सगळी पितळ रस्त्यावर.
मी टोपीतलं मीठ झटकलं नि नाचलो."

मडिवाळप्पा मोठ्या ढोलावर मोजायचा
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु
आणि मी, सातेरी, साइड ड्रमवर
त्याच्या दोन आकड्यांच्या फटीत
आणि
आणि
आणि
आणि

"हां! हे स्का," मास्तर म्हणायचा,
"आकडे त्याचे, फट तुझी. पळवा आता."
ती जागा मला नवी नव्हती.
शाळेत एक भाषा, सातबाऱ्यावर दुसरी,
फटीत उभं राहायची सवय होतीच.

"दुसऱ्यांदा गेलो एकोणसत्तरला.
तेच बंदर, तीच गल्ली,
पण गाण्याला घाई कुठं राहिलेली?
फटीतला ठोका होता तिथंच,
पण आता विचार करून पडायचा,
सुरीनं कांदा चिरल्यागत. चक्. चक्.
बास गिटार आधी मागनं चालायची, मुकाट,
ती आता पुढं येऊन बोलायली
आणि बाकीचे तिला नुसता हुंकार द्यायले.
ढोलकरी पहिली मात्रा सोडूनच देतो गा,
तिसऱ्यावर टाकतो सगळा भार.
समेवर कोण नाही! दार उघडं, घर रिकामं.
त्याला रेगे म्हणायले."

मंदावलं कशानं, मास्तर?

"कोण सांगतं, एक उन्हाळा असा तापला
की माणसांना उड्या मारवेनात.
कोण सांगतं, स्वातंत्र्य आलं, नोकऱ्या आल्या नाहीत,
नाचून झाल्यावर पोरं कट्ट्यावर बसली.
डोंगरातले जटावाले ढोल घेऊन आले,
त्यांचा ठेका छातीच्या ठोक्याचा.
मला काय ठावं? मी भांडी घासणारा."

मग नंदगडची ती मे महिन्यातली वरात.
दुपारी दोनचा मुहूर्त टळून तीन वाजलेले,
डांबर चपलेला धरत होतं.
नवऱ्याकडच्यांना पळतं गाणं हवं होतं,
आम्ही पळवलं, वेशीपासून तळ्यापर्यंत.
दस्तगीरच्या ओठाला क्लॅरिनेट सोसेना.
मडिवाळप्पाचा हात वर गेला
आणि ओंदुवर खाली आलाच नाही.
एरडुवरही नाही.
मूरु!
एकच ठोका. चिंचेवरचे बगळे उठले.

पुन्हा तेच. पहिली जागा कोरी,
मी फटीतून हळू, चक्, चक्,
आणि मूरु.
घोडं एक पाय उचलून थांबलं.
करवल्यांचे खांदे आपोआप सैल झाले.
कुणी शिकवलं नव्हतं, त्या उन्हानंच बसवलं,
निदान मी तसं मानतो.

नवऱ्याचा मामा ओरडत आला,
"मयतीला आलाय काय रे? अर्धेच पैसे देणार!"
अर्धेच मिळाले.

मी मागं वळून बघितलं.
बस्त्याव मास्तर ट्रम्पेट काखेत मारून
मान हलवत चालला होता,
डोळे मिटून, प्रत्येक रिकाम्या समेला हसत.
त्या ठेक्यात त्याला वाजवायला
काहीच नव्हतं.